निरंकुश सत्ता

हत्ती हा बलाढ्य प्राणी. तो मोठाले ओंडके लीलया वाहून नेतो. परंतु तोच अनावर झाला, तर वाटेतील घरेदारे तुडवून टाकतो. म्हणून माहुताच्या हाती अंकुश असतो. राज्यसत्तेचेही असेच आहे. रस्ते बांधणे, चोरांचा बंदोबस्त करणे, दुष्काळात धान्य पुरविणे ही कामे सत्तेवाचून होत नाहीत. मात्र सत्तेला जाब विचारणारा कोणी उरला नाही, म्हणजे ती निरंकुश होते आणि रक्षण करणारे हातच अन्याय करू लागतात.

अशा सत्तेचे भयंकर चित्र जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकाने रेखाटले आहे. त्याचा जन्म बिहारमधील मोतीहारी येथे १९०३ साली झाला. तरुणपणी त्याने ब्रह्मदेशात पोलीस अधिकाऱ्याची नोकरी केली. साम्राज्याची सत्ता जित लोकांना कशी वागविते, हे त्याने तेथे जवळून पाहिले. १९४९ साली त्याची ‘नाइन्टीन एटी-फोर’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. भावी काळात कोणता अनर्थ ओढवू शकेल हे दाखवून वाचकाला वेळीच सावध करणाऱ्या कादंबऱ्यांपैकी ही एक होय.

या कादंबरीतील राज्यात जिकडेतिकडे ‘थोरल्या भावा’ची चित्रे लावलेली असतात. घराघरांत एक पडदा असतो. त्यातून सरकारचा आवाज ऐकू येतो आणि त्यातूनच सरकार माणसांवर पाळतही ठेवते. विन्स्टन स्मिथ हा कारकून ‘सत्य मंत्रालया’त काम करतो. नाव सत्याचे, पण काम असत्याचे! जुन्या वर्तमानपत्रांतील मजकूर बदलणे, हे त्याचे काम. चॉकलेटचा वाटा कमी होणार नाही, असे सरकारने वचन दिलेले असते. तरीही तो ३० ग्रॅमवरून २० ग्रॅमवर येतो. तेव्हा विन्स्टन जुन्या अंकातील ते वचनच बदलून टाकतो आणि मूळ अंक जाळला जातो. लागलीच, वाटा ‘वाढवून’ २० ग्रॅम केल्याबद्दल लोक थोरल्या भावाचे आभार मानू लागतात! पुरावाच नाहीसा झाला, तर जाब कशाच्या आधारावर विचारावा? विन्स्टन चोरून रोजनिशी लिहितो, स्वतःच्या मनाने विचार करू पाहतो. अखेर तो पकडला जातो आणि छळापुढे त्याचे मन मोडून पडते.

ही केवळ कवीकल्पना आहे, असे कोणास वाटेल. पण सोव्हिएत रशियात असेच काही प्रत्यक्ष घडले. तेथे लाव्हरेंती बेरिया हा गुप्त पोलिसांचा प्रमुख होता. त्याच्या अमलाखाली असंख्य निरपराध माणसे तुरुंगांत आणि श्रमछावण्यांत खितपत पडली. १९५३ साली राज्यकर्त्यांची मर्जी फिरली. बेरियालाच अटक होऊन देहदंड झाला. त्यानंतर सरकारी ज्ञानकोशाच्या वर्गणीदारांना नवी पाने धाडण्यात आली. बेरियावरील लेखाची पाने कापून काढावीत आणि तेथे ही पाने चिकटवावीत, अशी सूचना त्यांना मिळाली. नव्या पानांवर बेरिंग समुद्राची माहिती होती! जी सत्ता बेरियाने निष्ठुरपणे वापरली, तिनेच त्यालाही पुसून टाकले. निरंकुश सत्तेपासून तिचे सेवकही सुरक्षित नसतात.

लोकशाही देशातही हा अंकुश सैल पडू शकतो. २५ जून १९७५ च्या रात्री भारतात इंदिरा गांधी यांच्या सरकारच्या सल्ल्यावरून आणीबाणी जाहीर झाली. वर्तमानपत्रांवर नियंत्रण आले. हजारो माणसे खटल्यावाचून तुरुंगात गेली. त्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी लेखनस्वातंत्र्याच्या गळचेपीचा निर्भयपणे निषेध केला. पुढे त्यांनाही कारावास भोगावा लागला.

अशा बंदिवानांना न्यायालयाकडे दाद मागता येईल काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. २८ एप्रिल १९७६ रोजी पाचांपैकी चार न्यायाधीशांनी ‘नाही’ असा निर्णय दिला. न्यायमूर्ती हंसराज खन्ना एकटेच विरुद्ध उभे राहिले. कायद्याच्या आधारावाचून कोणाचेही जीवित वा स्वातंत्र्य हिरावून घेण्याचा अधिकार आणीबाणीतही सरकारला नाही, असे त्यांनी आपल्या निकालपत्रात लिहिले. पुढे जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ न्यायाधीशास सरन्यायाधीशपद देण्यात आले. खन्ना यांनी राजीनामा दिला. आपले मत मात्र सोडले नाही.

मार्च १९७७ च्या निवडणुकीत मतदारांनी ते सरकार पायउतार केले. १९७८ मध्ये संविधानात दुरुस्ती झाली. जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, असे ठरले. २०१७ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाने १९७६ चा तो निर्णय चुकीचा ठरविला. एकट्या न्यायाधीशाचा शब्द ४१ वर्षांनी साऱ्या देशाचा कायदा झाला.

न्यायालय, वर्तमानपत्र आणि मतपेटी हे सत्तेवरचे अंकुश होत. परंतु अंकुश आपोआप चालत नाही. तो धरणारा हात जागा असावा लागतो. आणि लोकशाहीत तो हात नागरिकाचा असतो.