टेबलात पहिला नंबर

2017 च्या हॉकी इंडिया लीगमध्ये साखळी संपली तेव्हा दबंग मुंबई सगळ्यांच्या वर होती. कप हुकला, लीग थांबली, टीमही दिसेनाशी झाली. तरी पनवेलच्या एका फॅनच्या डोक्यातून तो सीझन काही जात नाही...

फेब्रुवारी 2017 म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? मुंबई महापालिकेची निवडणूक आठवेल. शिवसेना 84, भाजप 82, आणि ऑफिसच्या कँटीनमध्ये रंगलेली 'आता महापौर कोणाचा?'ची चर्चा. आयपीएलच्या लिलावात पुण्याच्या टीमने बेन स्टोक्ससाठी मोजलेले साडेचौदा कोटी आठवतील. गहुंजेच्या टेस्टमध्ये स्टीव्ह ओकीफने आपल्या बारा विकेट काढून तीन दिवसांत गाशा गुंडाळायला लावला, तेही आठवेल (नको असलं तरी).

मला आठवतं ते हॉकीचं पॉइंट्स टेबल. सहा टीम्स, आणि सगळ्यात वर 'दबंग मुंबई'.

हसू नका. हॉकीचा फॅन म्हटलं की लोक आधी दया दाखवतात, मग 'चक दे'बद्दल बोलतात. त्यात मी राहतो पनवेलला. आमच्याकडे गल्लीत टेनिस बॉलचं क्रिकेट आणि गावागावांत कबड्डी. हॉकी स्टिक हातात घेऊन कोणी रस्त्याने निघालाच, तर लोक 'काय रे, भांडण कुठे आहे?' असं विचारतील. शिवाय पनवेल म्हणजे मुंबई नव्हे, हे मुंबईकर आम्हाला वेळोवेळी ऐकवत असतातच. आमचा जिल्हा रायगड. आमची स्वतःची महानगरपालिका झाली ऑक्टोबर 2016 मध्ये, म्हणजे या सीझनच्या जेमतेम चार महिने आधी. पण रोज सकाळी हार्बरच्या लोकलमध्ये चढताना आम्ही 'मुंबईला चाललो' असंच म्हणतो ना? मग टीम तरी दुसरी कुठली धरणार!

आणि ही टीम तरी कुठे मुंबईची होती? कॅप्टन फ्लोरियन फुक्स जर्मन, लंडन ऑलिम्पिकचं गोल्ड खिशात असलेला. गोलकीपर डेव्हिड हार्ट आयरिश. कोच जे स्टेसी ऑस्ट्रेलियन, 1999 साली जगातला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला. मागे हरमनप्रीत सिंग अमृतसरकडचा, मधल्या फळीत नीलकांत शर्मा मणिपूरचा. उलट मरीन लाइन्सला लहानाचा मोठा झालेला युवराज वाल्मीकी या लीगमध्ये खेळला तो दिल्लीच्या जर्सीत. आपला पोरगा तिकडे आणि जगभरचे आपल्याकडे. पण मुंबईत राहणाऱ्या कुणालाही यात विचित्र काय वाटणार? आमच्या डब्यात तरी चौथी सीट धरून मूळचे मुंबईकर किती बसतात!

बरं, या टीमवर आशा ठेवायला कारण काहीच नव्हतं. लीग 2013 मध्ये सुरू झाली तेव्हा शहराच्या टीमचं नाव होतं मुंबई मॅजिशियन्स. कोच खुद्द रिक चार्ल्सवर्थ, कॅप्टन ड्रॅगफ्लिकर संदीप सिंग, आणि नंबर पाचात पाचवा! त्या वर्षी सीमेवरच्या तणावामुळे पाकिस्तानी खेळाडूंना लीगमधून परत पाठवावं लागलं आणि त्याचा फटका मुंबईलाही बसला, ही गोष्ट खरी. पण पुढे नाव बदललं, जर्सी बदलली, तरी निकाल काही बदलले नाहीत. पहिल्या चार सीझनमध्ये मुंबई एकदाही सेमीफायनलला पोचली नाही. म्हणजे चार वर्षं आम्ही टीव्ही बंद करायचो तो साखळी संपता संपता.

दोनाचा एक, एकाचे दोन

2017 समजून घ्यायचं तर आधी या लीगचं गणित समजून घ्यायला हवं, कारण खरी मजा तिथेच होती. जिंकलात तर 5 पॉइंट, बरोबरी झाली तर 2. आणि हरलात, पण दोन किंवा त्याहून कमी गोलांनी, तर 1 पॉइंट पदरात. म्हणजे हरण्याचीही प्रतवारी! पाच दिल्यामुळे बरोबरीसाठी खेळण्यात अर्थ उरत नव्हता. दोन बरोबऱ्या मिळून चार, एका विजयापेक्षा कमीच.

त्यावर कडी म्हणजे 2016 पासून आलेला नियम. मैदानी गोल केला की तो दोन धरायचा, पेनल्टी कॉर्नरवरचा मात्र एकच. जुन्या जाणत्यांनी नाकं मुरडली. मला विचाराल तर लीगसाठी तो झकास होता. कल्पना करा, शेवटचं मिनिट चालू आहे आणि तुम्ही तीन गोलांनी मागे आहात. नेहमीच्या हॉकीत लोक एव्हाना पार्किंगकडे निघालेले असतात. इथे एक मैदानी गोल मारा, फरक एकावर येतो आणि हरूनही एक पॉइंट घरी नेता येतो. दहा मॅचच्या साखळीत असा एकेक पॉइंट जमवूनच तर टेबल वर-खाली होतं.

आता याच नजरेने मुंबईची टीम बघा. मैदानी गोल दोनाचा झाल्यावर सगळ्यात महाग माणूस कोण? गोलकीपर. त्याने मैदानातून आलेला एक फटका अडवला की दोन गोल वाचले. आणि मुंबईच्या गोलमध्ये उभा होता हार्ट, 2015 आणि 2016 अशी लागोपाठ दोन वर्षं जगातला सर्वोत्तम गोलकीपर ठरलेला. ज्या वर्षी नियमाने गोलकीपरची किंमत दुप्पट झाली होती, त्याच वर्षी आपल्याकडे सगळ्यात चांगला गोलकीपर. याला नशीब म्हणा किंवा लिलावातली हुशारी.

हरमनप्रीतच्या बाबतीत उलटं होतं. 2015 च्या लिलावात मुंबईने या पोराला 51 हजार डॉलरला घेतलं तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. डिसेंबर 2016 मध्ये लखनौला ज्युनियर वर्ल्ड कप जिंकून तो या सीझनला आला. त्याचं हत्यार ड्रॅगफ्लिक, म्हणजे पेनल्टी कॉर्नर, म्हणजे या लीगमध्ये निम्म्या भावात! तरी प्रत्येक कॉर्नरला तो सर्कलच्या टोकाशी येऊन उभा राहिला की समोरच्यांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे. बॉल थांबला, स्टिक वाकली, आणि पुढचं दिसेपर्यंत फळीचा धप्प आवाज.

वाशी, कुर्ला, चर्चगेट

घरच्या मॅचेस महिंद्रा हॉकी स्टेडियमवर, म्हणजे चर्चगेट स्टेशनजवळ. पनवेलहून जायचं तर सीएसटीपर्यंत तब्बल सव्वा तासाहून जास्त, वर तिथून चालत किंवा टॅक्सीने. वर्किंग डेला ऑफिसमधून 'डेंटिस्टकडे जायचंय' म्हणून निसटायचं आणि रात्री शेवटच्या पनवेल गाडीच्या हिशोबाने शेवटच्या क्वार्टरमध्ये एक डोळा घड्याळावर. क्रिकेट स्टेडियमच्या वरच्या स्टँडमधून खेळाडू मुंग्यांएवढे दिसतात. इथे कीपरचं ओरडणं ऐकू येतं आणि ओल्या टर्फवरून बॉल सुटला की पाण्याची रेघ दिसते. ज्याने हॉकी फक्त टीव्हीवर बघितली त्याने हॉकी बघितलीच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. टीव्हीवर बॉल दिसतच नाही, बॉस!

सीवूड्सला चढणारा एक मित्र माझ्याबरोबर असायचा. तो मॅचपेक्षा टेबलचाच जास्त शौकीन. मोबाइलचं कॅल्क्युलेटर उघडून 'यूपी आज हरली तर, पण दोनपेक्षा जास्त गोलांनी हरली तर...' असं मानखुर्दपर्यंत चालू. महिनाभर रोजच्या प्रवासाला काही तरी कारण होतं. तारीख बघितली तर सगळा सीझन 21 जानेवारी ते 26 फेब्रुवारी, पुरते पाच आठवडे आणि वर दोन-तीन दिवस. पण चार वर्षं तळ बघितलेल्या माणसाला टेबलात वर सरकत जाणारं नाव बघण्याचं सुख काय असतं, ते अप्रेझलच्या महिन्यातल्या लोकांना तरी सांगायला नको.

साखळी संपली. मुंबई पहिली.

आणि इथे माझी खरी तक्रार सुरू होते. पहिलं येऊन मिळालं काय? आयपीएलमध्ये 2011 पासून पहिल्या दोघांना फायनलला जायच्या दोन संधी मिळतात. हॉकी लीगमध्ये पहिल्याला मिळाला चौथ्या नंबरचा प्रतिस्पर्धी, बास. सेमीफायनल आणि फायनल दोन्ही चंडीगडला, शनिवार-रविवारी लागोपाठ. म्हणजे घरचं मैदान नाही, पाठीशी प्रेक्षक नाहीत आणि घसरलात तर दुसरी संधीही नाही. दहा मॅचमध्ये कमावलेलं दोन दिवसांत पणाला लावायचं. सेमीफायनलला दिल्ली वेव्हरायडर्सचा अडथळा पार झाला. फायनलला समोर कलिंगा लान्सर्स.

26 फेब्रुवारीचा रविवार. गहुंजेची टेस्ट आदल्याच दिवशी संपलेली, त्यामुळे टीव्ही मोकळा होता. देशभर हॉकीला अशी मोकळी संध्याकाळ किती वेळा मिळते! कलिंगाच्या ग्लेन टर्नरचा एक मैदानी गोल, म्हणजे दोन. त्यांचा कॅप्टन मॉरिट्झ फ्युर्स्टे, फुक्सचाच जर्मन जोडीदार, त्याचे पेनल्टी कॉर्नरवर दोन. मुंबईचा एकच. 4-1. जुन्या हिशोबाने 3-1 झालं असतं, पण त्याने काय फरक पडतो? ते चांगले खेळले आणि जिंकले. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

तसं आपल्याकडे हे नवीनही नाही. 2012 च्या वर्ल्ड सीरिज हॉकीत पुणे स्ट्रायकर्स फायनलला पोचली, तीही महिंद्रा स्टेडियमवर, आणि शेर-ए-पंजाबकडून 5-2 ने हरली. त्याच्याही आधी प्रीमियर हॉकी लीगमध्ये धनराज पिल्लेची मराठा वॉरियर्स होती. यातल्या एकाही टीमचं आज नाव ऐकू येत नाही.

दबंग मुंबईचंही तेच झालं. पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय वेळापत्रकामुळे लीग होणार नाही असं कळलं, आणि एका वर्षाची सुट्टी वाढत वाढत सात वर्षांची झाली. 28 डिसेंबर 2024 ला लीग परतली तेव्हा पुरुषांच्या आठ टीम्स होत्या. दिल्ली, हैदराबाद, बंगाल, तमिळनाडू, यूपी, वायझॅग, पंजाब-हरियाणाची सूरमा, आणि कलिंगा लान्सर्स. मुंबई नाही. पुणे नाही. अख्ख्या महाराष्ट्राची एकही टीम नाही. टेबलात पहिली आलेली टीम पुन्हा मैदानावर उतरलीच नाही, त्यामुळे तो पहिला नंबर अजून कोणी तिच्याकडून हिसकावलेलाही नाही.

माणसं मात्र पुढे गेली. टोकियोला 41 वर्षांनी हॉकीचं मेडल आलं त्या टीममध्ये हरमनप्रीत होता आणि नीलकांतही. पॅरिसला 2024 मध्ये हरमनप्रीत कॅप्टन, दहा गोल, पुन्हा ब्राँझ. दोन्ही वेळेला ऑफिसात पेढे वाटले गेले तेव्हा मी सांगून बघितलं की या पोराला आपण चर्चगेटला खेळताना बघितलंय. 'आपण म्हणजे कोण?' असं एकाने विचारलं. बरोबरच होतं त्याचं.

नव्या लिलावात हरमनप्रीत सगळ्यात महाग ठरला, 78 लाखांना, आणि गेला सूरमाकडे. सीवूड्सवाला मित्र आता कलिंगाच्या बाजूने आहे. हरवलं त्यांनी, मग निदान जुनी ओळख तरी आहे, असं त्याचं लॉजिक. मी हरमनप्रीतसाठी सूरमा धरावी असा त्याचा आग्रह. मी अजून कुठलीच टीम धरलेली नाही. टेबल मात्र रोज बघतो.