जुन्या विमानाचा मालक कुठे बसतो?

२०२४ च्या प्रजासत्ताक दिनी दिल्लीत कर्तव्यपथावरून राफेल, सुखोई गेली, ‘प्रचंड’ हेलिकॉप्टर गेलं, आणि त्यांच्यातच ऐंशीच्या घरातलं एक डाकोटा दोन डॉर्नियर विमानांना सोबत घेऊन गेलं. त्या रचनेचं नाव ‘टंगाइल’. त्याच महिन्यात मुंबईकरांनी मरीन ड्राइव्हवर तीन दिवस हवाई दलाच्या ‘सूर्यकिरण’ आणि ‘सारंग’ पथकांच्या कसरती पाहिल्या. वैराग-बार्शीकडच्या फोनांवरही तेच व्हिडिओ फिरले. लढाऊ विमानांचा कडकडाट कोणालाही आवडतो, मलाही आवडतो. पण या सगळ्यात माझं मन अडकलं ते त्या दोन पंख्यांच्या डाकोटात. हे विमान सरकारने विकत घेतलेलं नाही. एका माणसाने पदरच्या पैशाने घेतलं, दुरुस्त करवून घेतलं आणि देशाला दिलं. ते देताना त्याला आधी नकार ऐकावा लागला होता.

‘टंगाइल’ हे नाव आपल्या सोलापूर जिल्ह्यात नीट समजावून सांगायला हवं. ११ डिसेंबर १९७१ रोजी दुपार कलताना पूर्व पाकिस्तानातल्या टंगाइलजवळ आपले सातशेच्या आसपास जवान छत्रीने उतरले. ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी तुकड्यांची वाट अडवायची आणि पुंगलीचा पूल ताब्यात घ्यायचा, हे त्यांचं काम. ती पलटण होती २ पॅरा, म्हणजे मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन. तिच्या नावात तेव्हा कंसात ‘मराठा’ लिहिलं जाई. लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू तिचे कमांडर होते. अँटोनोव्ह, पॅकेट, कॅरिबू यांच्याबरोबर डाकोटांच्या दारांतूनही त्या दिवशी जवानांनी उड्या टाकल्या. पाच दिवसांनी ढाका पडलं. ते म्हातारं विमान आपल्याच पोरांच्या पराक्रमाची आठवण घेऊन दिल्लीवरून गेलं, असं मी मानतो.

आता ते आलं कसं ते पाहू. राजीव चंद्रशेखर २०२४ पर्यंत केंद्रात राज्यमंत्री होते. त्यांचे वडील एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर हवाई दलात डाकोटा चालवत. २०११ च्या सुमारास ब्रिटनकडे एक डाकोटा भंगाराच्या वाटेवर आहे असं कळल्यावर मुलाने ते घेतलं आणि तिथेच दुरुस्तीला लावलं. हवाई दलाला ते भेट द्यायची इच्छा कळवली, तेव्हा आधीच्या सरकारच्या काळात ती नाकारली गेली. खासगी माणसाकडून उडतं लष्करी विमान भेट म्हणून कसं घ्यायचं, याची वाट सरकारी कागदांत सापडेना. पुढे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री झाले आणि होकार आला. म्हापशाचा हा माणूस मुंबई आयआयटीतून धातुशास्त्र शिकलेला. जुना सांगाडा कशाने थकतो आणि काय केलं की पुन्हा उभा राहतो, हे कळणारा मंत्री त्या खुर्चीवर बसला, हे मला त्या विमानाचं मोठं भाग्य वाटतं. १३ फेब्रुवारी २०१८ ला दिल्लीत भेटीची कागदपत्रं हवाई दलप्रमुख बी. एस. धनोआ यांच्या हाती गेली.

पुढचा प्रवास तर वाचताना अंगावर काटा येतो. १७ एप्रिल २०१८ ला विमान ब्रिटनमधल्या कॉव्हेंट्रीहून निघालं. फ्रान्स, इटली, ग्रीस, जॉर्डन, सौदी अरेबिया, बहारीन, ओमान असे टप्पे घेत २५ तारखेला जामनगरला टेकलं. दोन इंजिनं, प्रत्येकी चौदा सिलिंडरांचं, बाराशे अश्वशक्तीचं. आजच्या प्रवासी विमानाला हे अंतर एका रात्रीचं असतं, याला नऊ दिवस लागले. ४ मे रोजी हिंडन तळावर ते रीतसर दाखल झालं. नाव ठेवलं ‘परशुराम’ आणि शेपटीवर क्रमांक लिहिला व्हीपी ९०५. २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचे जवान घेऊन श्रीनगरला पोचलेल्या डाकोटाचा हा क्रमांक. काश्मीर त्या दिवशी हातचं गेलं नाही, त्यात या जातीच्या विमानांचा वाटा फार मोठा आहे.

एवढं सगळं होऊनही माझा प्रश्न उरतोच. एका दात्याला नकारापासून होकारापर्यंत यायला काही वर्षं आणि मंत्र्यांची अदलाबदल लागली. तो खासदार होता, त्याच्याकडे पैसा होता, चिकाटी होती. ज्याच्याकडे यातलं एखादंच असेल, अशा माणसाने काय करावं?

बाहेरच्या देशांत ‘एअर शो’ म्हणजे फक्त सरकारी ताफा नसतो. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला दर जुलैअखेर जो मेळा भरतो, त्याला दहा हजारांच्या आसपास विमानं येतात. त्यांतली दुसऱ्या महायुद्धातली शेकडो लष्करी विमानं खासगी माणसांची किंवा देणग्यांवर चालणाऱ्या संस्थांची असतात. ब्रिटनमध्ये डक्सफर्डला, ओल्ड वॉर्डनला तेच. मालकांत कोणी शेतकरी, कोणी निवृत्त वैमानिक, कोणी कारखानदार. स्पिटफायर या लढाऊ विमानाचं मर्लिन इंजिन साध्या उड्डाणालाही तासाला दीडशे-दोनशे लिटर पेट्रोल पितं, आणि काही शे तासांनी ते सगळं खोलून पुन्हा जुळवावं लागतं. सुटे भाग बाजारात मिळत नाहीत, घडवून घ्यावे लागतात. विमा वेगळा, हँगरचं भाडं वेगळं. असा माणूस आपलं विमान घेऊन मेळ्याला येतो, तेव्हा आयोजकाने त्याच्याशी कसं वागावं?

ठरलेली पद्धत अशी की कसरती दाखवणाऱ्या मोठ्या नावांना मानधन, आणि नुसतं विमान उभं करणाऱ्याला इंधन, खोली आणि फिरायला गाडी. कागदावर हे ठीक दिसतं. प्रत्यक्षात वागणुकीत फार फरक पडतो. कुठे इंधन फक्त परतीचं मिळतं, येतानाचं नाही. कुठे वैमानिकाला पास मिळतो, पण आठवडाभर ग्रीसमध्ये हात घालून विमान तयार करणाऱ्या मेकॅनिकला दाराबाहेर तिकिटाच्या रांगेत उभं करतात. कुठे विमान अशा जागी लावतात की शेजारी जेट सुरू झालं की खडी उडून पंख्याला आणि काचेला लागते. कापडी पंखांच्या विमानाभोवती दोर बांधलेला नसतो, मुलं पंखावर चढतात, आणि मालक दिवसभर उन्हात उभा राहून राखण करतो. पाऊस आला, कार्यक्रम रद्द झाला, तर त्याचा खर्च त्याच्या अंगावर. आणि वरून ऐकवायचं की तुम्हाला तर हौस आहे.

ही हौस शब्दाची ढाल मला अजिबात पटत नाही. आपल्याकडच्या जत्रेत शर्यतीला लांबून बैल आणणाऱ्या मालकाला यात्रा कमिटी सावलीची जागा देते, पाणी-वैरण बघते, जेवायला बसवते, फेटा बांधून नारळ देते. त्याची बैलजोडी आली म्हणून मैदान भरतं, हे कमिटीला पक्कं ठाऊक असतं. विमानांच्या मेळ्याला माणसं तिकीट काढून येतात ती असल्याच विमानांसाठी. मांडव, ध्वनिक्षेपक, फिरती शौचालयं, सुरक्षारक्षक या सगळ्यांचं बिल आयोजक निमूटपणे भरतो. मग ज्याच्यासाठी हे उभं केलं, त्याच्याच वेळी हात आखडता का घ्यायचा?

चांगलं वागवणारे मेळेही आहेत आणि त्यांचा फायदा लगेच दिसतो. तिथे तीच विमानं वर्षानुवर्षं परत येतात. स्वयंसेवक विमानामागे रात्रीची पाळी करतात. फळ्यावर मालकाचं, वैमानिकाचं, मेकॅनिकचं नाव असतं. ज्या युद्धात ते विमान लढलं त्यातला एखादा वृद्ध सैनिक खुर्ची टाकून शेजारी बसवलेला असतो. मुलं विमान पाहायला येतात आणि त्या आजोबांचं बोलणं ऐकत थांबतात.

सुरक्षेचा मुद्दा मात्र बाजूला सारता येत नाही. २२ ऑगस्ट २०१५ ला ब्रिटनमध्ये शोरहॅमला एक जुनं हंटर जेट कसरत करताना रस्त्यावर कोसळलं आणि ११ जण गेले. हंटर म्हणजे १९७१ मध्ये लोंगेवालाच्या लढाईत आपल्या हवाई दलाने वापरलेलं तेच. १२ नोव्हेंबर २०२२ ला डॅलसच्या मेळ्यात एक बी-१७ आणि एक किंगकोब्रा हवेत धडकली, ६ जण गेले. शोरहॅमनंतर ब्रिटनमध्ये नियम कडक झाले, परवान्यांची शुल्कं वाढली, आणि लहान मेळ्यांना ती जड गेली. नियम हवेतच, प्रेक्षकाच्या जिवापुढे काही नाही. पण म्हणूनच मालकाला नीट वागवणं गरजेचं ठरतं. ज्याला खोली मिळाली नाही, जो रात्री विमानाच्या पोटाखाली झोपला, ज्याला इंधनाचे पैसे भरून काढायचे म्हणून खराब हवेतही निघायची घाई आहे, असा वैमानिक मला आकाशात नको आहे.

आपल्या राज्यात असा पाहुणा आला होता, हे किती जणांच्या लक्षात आहे? २०१९ मध्ये स्टीव्ह बोल्टबी ब्रूक्स आणि मॅट जोन्स या दोघा ब्रिटिश वैमानिकांनी एक स्पिटफायर, रंग काढून चांदीसारखं चकचकीत केलेलं, पृथ्वीभोवती फिरवून आणलं. १९४३ चं विमान, युद्धात ५१ मोहिमा केलेलं. ५ ऑगस्टला गुडवूडहून निघालं, ५ डिसेंबरला परत पोचलं, चाळीस हजार किलोमीटरांवर अंतर कापून. कोलकाता ते अहमदाबाद ही मजल त्याला एका दमात झेपणारी नव्हती, म्हणून मधला थांबा नागपूर. सोबत सामान आणि माणसं वाहणारं एक पिलाटस विमान होतं. या मोहिमेच्या पाठीशी स्विस घड्याळांची मोठी कंपनी होती, त्यामुळे त्यांचं निभावलं. एकट्यादुकट्या मालकाला आपल्याकडे पहिली अडचण येईल ती पेट्रोलची. आपल्या बहुतेक विमानतळांवर जेट विमानांचं इंधन असतं, पंख्याच्या जुन्या इंजिनाला लागणारं विमानाचं पेट्रोल मात्र प्रशिक्षण संस्था असतील तिथेच सहज मिळतं. ते पिंपांतून मागवायचं, वर परवानग्या आणि विमानतळाची शुल्कं. ज्या नागपुरात हवाई दलाच्या देखभाल विभागाचं मुख्यालय आहे, तिथे असल्या पाहुण्यासाठी एक दिवस राखून ठेवणं अवघड नसावं. आलेल्या माणसाला इंधन देऊन वाटेला लावणं वेगळं, आणि शाळांच्या मुलांना त्याच्यापुढे आणून बसवणं वेगळं.

२०१५ च्या एअरो इंडियात बेंगळुरूला ब्रिटनची ‘विंगवॉकर्स’ मंडळी आली होती. १९४० च्या दशकातली अमेरिकी लष्कराची स्टिअरमन शिकाऊ विमानं, आणि उडत्या विमानाच्या पंखावर उभ्या राहणाऱ्या मुली. तिथेही मागे घड्याळ कंपनीचं पाठबळ होतंच. म्हणजे आपल्याकडे पाहुणं जुनं विमान येतं ते कोणीतरी पैसेवाला पाठीराखा सोबत असेल तर. साध्या मालकासाठी दार अजून किलकिलंच आहे.

आणि घरचे मालक? ते तयारच झाले नाहीत, कारण विमानं राहिली नाहीत. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी कानपूरला टाकून दिलेली, मुद्दाम नासवलेली लिबरेटर बॉम्बर विमानं आपल्या हिंदुस्थान एअरक्राफ्टने जुळवून पुन्हा उडवली. कानपूरहून बेंगळुरूपर्यंत ती उडवत नेण्याचं धाडस जमशेद मुन्शी या चाचणी वैमानिकाने केलं. त्यातलीच विमानं घेऊन सहाव्या स्क्वाड्रनने पुण्याच्या लोहगावहून समुद्रावर टेहळणी केली. १९६८ अखेर ती निवृत्त झाली. मग एक १९७४ मध्ये आपण रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयाला दिलं. दुसरं एका ब्रिटिश संग्राहकाकडून अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशनकडे गेलं आणि १९८९ पासून पुन्हा उडू लागलं. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्या तळांवर पडलेली स्पिटफायर आणि टेम्पेस्ट परदेशी संग्राहकांनी नेली. डक्सफर्डला उडणारं एक स्पिटफायर बेंगळुरूच्या जलहळ्ळीत प्रशिक्षणाचा सांगाडा म्हणून उभं होतं. नेणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांनी जीव ओतून ती विमानं जिवंत ठेवली. आपण त्या काळी आपल्यातल्या कोणाला ‘तू सांभाळ, आम्ही पाठीशी आहोत’ असं म्हटलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

हवाई दलाने अलीकडे हे काम मनावर घेतलं आहे. टायगर मॉथ २०१२ च्या हवाई दल दिनाला पुन्हा उडालं, हार्वर्ड उडालं, डाकोटा आलं. हे तिथेच थांबू नये. मुंबईसारखे कार्यक्रम आता पुणे, नागपूर, नाशिकलाही व्हावेत आणि त्यात खासगी जुन्या विमानांना जागा असावी. आयोजनाच्या पत्रिकेत इंधन, मुक्काम, राखण, मेकॅनिकचा पास आणि रद्द झाल्यास भरपाई, एवढं आधीच लिहून द्यावं.

सोलापूरकरांसाठी माझी एक मागणी याहून जवळची आहे. सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली ती होटगी रस्त्यावरच्या धावपट्टीसाठी. लेहच्या वाळूवर १९४८ मध्ये उतरलेल्या जातीच्या विमानाला ही पक्की धावपट्टी भरपूर आहे. ‘परशुराम’ एका दिवसासाठी इथे आणावं. टंगाइलला उडी मारलेले जवान आता सत्तरी ओलांडून गेले आहेत. सोलापूर, सांगली, सातारा, कोल्हापूरकडच्या तालुक्यांतून त्यांना शोधून बोलवावं, येण्याजाण्याचा खर्च द्यावा आणि विमानाच्या सावलीत पहिल्या रांगेत बसवावं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे माजी सैनिकांच्या नोंदी असतात, सुरुवात तिथून करता येईल.