विवाहाचा कायदा आणि समलिंगी जोडप्याचें घर

वज्रेश्वरीच्या दर्शनास जाणारीं कुटुंबें तानसा नदीच्या कांठीं अकलोलीच्या ऊन पाण्याच्या कुंडांवर हटकून थांबतात. त्या गांवीं दोन अविवाहित हिंदु स्त्रिया वीस वर्षें एका घरांत संसार करीत आहेत, अशी कल्पना करावी. दोघींची चूल एक, खर्च एक, आणि आजारपणांत उशाशीं बसणें एकमेकींचेंच. घर मात्र थोरलीनें स्वकष्टानें घेतलेलें व तिच्याच नांवावरचें. उद्यां ती मृत्युपत्र न करितां वारली, तर तें घर तिच्या आईबापांकडे, आणि तीं हयात नसल्यास बापाच्या वारसांकडे जाईल. धाकटीचा वारस म्हणून त्यांत कवडीचाहि वांटा नाहीं.

समाज विवाहाकडे संस्कार म्हणून पाहतो. कायदा त्याच्याकडे नात्याची नोंद म्हणूनहि पाहतो. त्या एका नोंदीवर वारसा, निवृत्तिवेतन, पोटगी व दत्तक हीं सारीं अवलंबून असतात. महाराष्ट्रांत पतीनें पत्नीस राहतें घर बक्षीस दिलें, तर मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये पडतें. वरील दोघींना ही सवलत नाहीं. नातेवाईक नसलेल्या व्यक्तीकडून वर्षांत ५०,००० रुपयांहून अधिक रक्कम भेट मिळाली, तर तिजवर प्राप्तिकर बसतो; पतिपत्नींस तो लागत नाहीं. हा भेद घटनाबाह्य आहे, असें म्हणणारी एका जोडप्याची याचिका २०२५ सालीं मुंबई उच्च न्यायालयापुढें आली. मुलांची स्थिति याहून नाजूक आहे. एकट्या स्त्रीस दत्तक घेतां येतें. पण दोघींना मिळून नाहीं. त्यामुळें घरांत माता दोन असल्या, तरी कायद्याच्या दृष्टीनें मुलाला पालक एकच.

हा प्रश्न न्यायालयांत कसा पोहोंचला? १८६२ सालीं अमलांत आलेल्या दंडविधानाच्या ३७७ व्या कलमानें असे संबंध गुन्हा ठरत असत. सर्वोच्च न्यायालयानें ६ सप्टेंबर २०१८ रोजीं सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांना त्या कलमांतून मुक्त केलें. गुन्हा गेला, पण नातें कायद्यांत आलें नाहीं. विशेष विवाह कायद्यानें अशा विवाहांची नोंद व्हावी, ही मागणी मग त्याच न्यायालयापुढें आली. १७ ऑक्टोबर २०२३ रोजीं पांच न्यायाधीशांनीं एकमतानें सांगितलें कीं, विवाह हा घटनेनें दिलेला मूलभूत अधिकार नाहीं, आणि तो कायदा बदलणें संसदेचें काम आहे. निराळ्या नांवानें नात्यास मान्यता द्यावी काय, तसेंच दत्तकाची मुभा असावी काय, या मुद्द्यांवर मात्र तिघे विरुद्ध दोघे असा मतभेद झाला. पुनर्विचाराच्या याचिका जानेवारी २०२५ मध्यें फेटाळल्या गेल्या.

तथापि कांहीं दारें किलकिलीं झालीं आहेत. २०२४ सालीं केंद्र सरकारनें स्पष्ट केलें कीं, अशा जोडीदारांस शिधापत्रिकेसाठीं एकाच कुटुंबांतील मानावें, आणि बँकेंत संयुक्त खातें उघडण्यास त्यांना आडकाठी नाहीं. परंतु खात्यावर नामनिर्देशन केलें म्हणजे पैसा त्या व्यक्तीच्या मालकीचा झाला, ही समजूत चुकीची आहे. नामनिर्देशित व्यक्ति पैसा स्वीकारते. मालकी वारसांकडे जाते. म्हणून मृत्युपत्र अवश्य करावें. त्याला मुद्रांक लागत नाहीं. नोंदणीहि ऐच्छिक आहे. मात्र दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यातच.

आपल्याकडे विवाहाचा कायदा स्थिर कधींच नव्हता. विधवाविवाहास १८५६ सालीं मान्यता मिळाली. तरीहि ३७ वर्षांनीं, १८९३ मध्यें, धोंडो केशव कर्वे यांनीं गोदूबाईंशीं विवाह केला, तेव्हां मुरूडच्या ग्रामस्थांनीं त्यांस वाळीत टाकलें. तेव्हां कायदा पुढें होता व समाज मागें. आज कित्येक घरांत आईबापांनीं मुलाच्या वा मुलीच्या जोडीदारास पानावर बसविलें आहे, आणि कायदाच उंबऱ्याबाहेर उभा आहे. नेदरलंड्सनें २००१ सालीं, तैवाननें २०१९ सालीं व थायलंडनें २०२५ सालीं हा उंबरा ओलांडला. येथें तो ओलांडण्याचा अधिकार न्यायालयानें संसदेकडे सोंपविला आहे. आणि संसद निवडण्याचा अधिकार नागरिकांकडे आहे.