‘आई, तू बाहेर बस’

आमच्या गल्लीतल्या वहिनींची मुलगी बी. कॉम. झालेली, टॅली येणारी. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, त्यामुळे चालायला कुबड्या आणि बोलणं सावकाश. डोकं मात्र असं, की आमच्या महिला मंडळाचा वर्षाचा हिशेब तिनं एका दुपारी जुळवून दिला. एका पतसंस्थेतून मुलाखतीचं बोलावणं आलं, तेव्हा वहिनी सल्ल्याला माझ्याकडे आल्या. मी म्हटलं, "कुबड्यांचं आधी काही सांगू नका. समोर जाऊ दे, मग बघू."

मैत्रिणींनो, माझंच चुकलं. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पोर घामाघूम होऊन वर पोचली, तीही उशिरा. साहेबांनी विचारलं, "काय शिकलीस?" उत्तर दिलं वहिनींनी. "टॅली येतं?" तेही वहिनींनीच सांगितलं. मग साहेब त्यांच्याशीच बोलत राहिले. नोकरी मिळाली नाहीच. रात्री लेक आईला एवढंच म्हणाली, "मुलाखत तुझी झाली."

ते ऐकून मलाही चैन पडेना. पुढचे आठ दिवस माझ्या स्वयंपाकघरात तालीम चालली. मी साहेब, ती उमेदवार. ठरलं असं, की बोलावणं आलं की तिनं स्वतः फोन करायचा. "मी कुबड्या वापरते. लिफ्ट नसेल तर मुलाखत तळमजल्यावर घ्याल का?" यात लाजायचं काय? सरकारी कार्यालयांवर तर अशी सोय करण्याचं बंधन 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यानंच घातलंय. कानानं कमी ऐकू येणाऱ्यांनीही दुभाषा हवा असेल तर आधीच कळवावं. दृष्टी नसलेल्यांनी आदल्या दिवशी जागा पाहून यावी, म्हणजे ऐनवेळी धांदल होत नाही.

खरा घोळ बोलण्याचा होता. पहिले दोन दिवस ती घाईघाईनं बोलायची आणि जास्तच अडखळायची. मग तिनंच वाक्य शोधलं, "मी सावकाश बोलते, पण पूर्ण बोलते. कळलं नाही तर परत विचारा." मी तर बघतच राहिले! "तुला नेमकं काय झालंय?" हा प्रश्न हमखास येतो. त्याला दोन वाक्यांत उत्तर द्यायचं आणि लगेच कामाकडे वळायचं. लहानपणापासूनची सगळी औषधपाण्याची कहाणी तिथं नको. (ती सांगायची हौस आपल्यालाच जास्त असते, खरं ना?) लग्नाचं कोणी विचारलं तर हसून म्हणायचं, "कामाचं विचाराल का?"

कागदपत्रांत अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मूळ प्रतीसह ठेवा. 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असणाऱ्यांसाठी सरकारी नोकऱ्यांत किमान 4 टक्के जागा राखीव असतात. आधीच्या 1995च्या कायद्यात त्या 3 टक्के होत्या. खाजगीत मात्र असं आरक्षण नाही, तिथं आपलं कामच दाखवावं लागतं. म्हणून तिनं टॅलीत केलेला मंडळाचा ताळेबंद छापून फाइलला लावला.

दुसऱ्या मुलाखतीला दाराशी पोचल्यावर ती म्हणाली, "आई, तू बाहेर बस." वहिनी बाकावर बसल्या, मी शेजारी. आतून आवाज येत नव्हता. वहिनी दोनदा उठल्या, दोनदा मी पदर ओढून बसवलं. पंचवीस मिनिटांनी ती बाहेर आली. "काय विचारलं गं?"

"सांगते. आधी चहा घेऊ."

पुढच्या महिन्यापासून ती कामावर जातेय. डबा अजून वहिनीच भरतात.