घरच्या घरी वाढदिवस: खर्च कशाने वाढतो आणि काटकसर कुठे करू नये?

वाढदिवस मुलांचा असतो, पण बजेट कोलमडतं आईबाबांचं. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हॉलमधल्या पार्टीचे फोटो येतात आणि आपणही तसंच काहीतरी करायला हवं, असं वाटू लागतं. खरं तर तेवढ्या खर्चाशिवाय घरीही छान पार्टी होते.

खर्च ठरतो दोन गोष्टींवर

पहिली गोष्ट म्हणजे पाहुण्यांची संख्या. समजा, एका मुलामागे खाऊ 80 रुपये आणि रिटर्न गिफ्ट 100 रुपये धरलं, तर 25 मुलांचे 4,500 रुपये होतात आणि 12 मुलांचे 2,160. म्हणून केक ठरवण्याआधी यादी ठरवावी.

दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. संध्याकाळी साडेसातला बोलावलं की जेवण आलंच. साडेचार ते साडेसहा अशी वेळ ठेवली तर नाश्त्यावर भागतं. निमंत्रणात सुरू होण्याची आणि संपण्याची अशा दोन्ही वेळा लिहाव्यात. आजी-आजोबा, काका-मावशी यांना सकाळी औक्षणाला बोलावता येतं. मग संध्याकाळ फक्त मुलांची.

मेन्यू काय ठेवायचा?

भेळ, इडली-चटणी, सँडविच, सरबत असे तीन-चार पदार्थ पुरतात. भेळेच्या चटण्या आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवता येतात. 10-12 मुलांना एक किलोचा केक पुरतो. कुणाला शेंगदाणे, दूध किंवा अंड्याची ॲलर्जी आहे का, हे पालकांना आधीच विचारावं.

जादूगार नसला तरी चालेल. संगीत खुर्ची, लिंबू-चमचा, मामाचं पत्र हरवलं, शिवाजी म्हणतो या खेळांना खर्च जवळपास शून्य येतो.

सजावट करताना

1 जुलै 2022 पासून देशभरात एकदा वापरून फेकायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे. त्यात प्लास्टिकच्या प्लेट, ग्लास, चमचे, फुग्यांच्या प्लास्टिक काड्या आणि सजावटीचं थर्माकोलही येतं. घरातली स्टीलची ताटं-वाट्या वापरल्या तर हा खर्चच वाचतो. जुन्या साड्या, ओढण्या आणि कागदी पताकांनी भिंत सजते.

इथे मात्र सांभाळा

स्वस्तात मिळणारा स्नो स्प्रे मेणबत्तीजवळ कधीच उडवू नये. अशा अनेक डब्यांमध्ये फेस बाहेर ढकलण्यासाठी ज्वलनशील वायू भरलेला असतो. मेणबत्तीच्या ज्योतीशी त्याचा संबंध आला की क्षणात भडका उडतो आणि मूल अगदी समोरच उभं असतं.

हवेत तरंगणाऱ्या गॅसच्या फुग्यांचंही तसंच. हेलियम महाग असल्याने काही ठिकाणी त्यात हायड्रोजन भरतात आणि हायड्रोजन पेट घेतो. त्यापेक्षा हातपंपाने फुगवलेले साधे फुगे बरे. मात्र फुगा फुटला की त्याचे तुकडे लगेच उचलावेत, कारण लहान मुलांच्या घशात ते अडकू शकतात.

या दोन गोष्टी यादीतून काढल्या तर पैसेही वाचतात आणि धोकाही टळतो.