पान उलटण्याची घाई नको

कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे त्याच्या संस्थापकांपैकी. डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररी १९८६पासून घरोघरी पुस्तकं पोचवते आहे आणि २०१७चं नव्वदावं साहित्य संमेलनही याच गावात भरलं. एवढी वाचती माणसं असलेल्या या पट्ट्यात तीन-चार वर्षांच्या मुलाला गोष्ट वाचून दाखवण्याची रीत मात्र बहुतेक घरांत एकच दिसते. मोठ्यांनी वाचायचं, मुलानं न बोलता ऐकायचं, मधे काही विचारलं तर ‘आधी ऐक तर खरं’ म्हणायचं आणि शेवटी तात्पर्य विचारायचं. मुलाच्या भाषेसाठी यातली सगळ्यात नुकसानीची गोष्ट म्हणजे ते ‘आधी ऐक तर खरं’.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. मुलं २१ ते ३५ महिन्यांची. सगळ्याच घरांत चित्रांची पुस्तकं वाचली जात होती. निम्म्या पालकांना तेवढं शिकवलं, की वाचताना थांबा, मुलाला बोलतं करा, ते जे बोलेल त्यात दोन शब्द घालून त्यालाच परत द्या. महिन्याभरानंतरच्या चाचण्यांत या पालकांची मुलं बोलून व्यक्त होण्यात इतरांपेक्षा साडेआठ महिने आणि शब्दसंग्रहात सहा महिने पुढे निघाली. मुलं मोजकी होती, तेव्हा आकड्यांना फार कवटाळू नये. पण पुढे मेक्सिकोतल्या एका पाळणाघरात गरीब घरांतल्या दोन वर्षांच्या मुलांबरोबर हेच केलं, तेव्हाही ती अधिक बोलू लागली. पुस्तकं तीच होती, फरक वाचण्याच्या तऱ्हेत होता.

ही तऱ्हा मराठी घरात कशी दिसेल? समजा, पानावर दिवाळीच्या किल्ल्याचं चित्र आहे. मावळे मांडलेत, एक मावळा उतारावरून घसरलाय आणि मांजर उडी मारून पळतंय. वाचणारी आजी मजकुराला हात न लावता विचारते, “काय झालं रे इथं?” नातू म्हणतो, “मांजर पळाला.” आजी त्याला ‘चूक’ म्हणत नाही. “हो रे, मांजर पळालं! किल्ल्यावरून टुणकन उडी मारून पळालं. का बरं पळालं असेल?” “मावळा पडला.” “मावळा गडगडत खाली आला, म्हणून ते दचकलं. आता तू सांग बघू मला, काय काय झालं?” मग नातू आपल्या परीनं ‘गडगडत’ आणि ‘दचकलं’ वापरून पाहतो. मांजराचं लिंग सुधारलं, दोन क्रियापदं मिळाली, कार्यकारण जुळलं. त्यानंतरचा प्रश्न पुस्तकातून बाहेर नेणारा: “आपल्या सोसायटीतल्या किल्ल्यावर काय काय ठेवलं होतं?” किंवा “दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर गेलो होतो, तिथं काय पाहिलंस?” मुलाची स्वतःची आठवण शब्दांत उतरते ती इथं.

मूल लहान असेल तर ‘हे काय?’, ‘हा कुठं चाललाय?’ एवढंच पुरतं. मोठं झालं की ‘का’, ‘कसं’ आणि ‘पुढं काय होईल?’ विचारावं. हो-नाहीत संपणारे प्रश्न टाळावेत. आणि विचारून झालं की थांबावं. मुलाला शब्द जुळवायला वेळ लागतो. आपण अधीर होऊन उत्तरही आपणच देऊन टाकतो. मात्र प्रत्येक पानावर प्रश्नांची सरबत्ती केली तर गोष्टीची शिकवणी होते. मूल कंटाळलं की निमूट वाचावं, नाहीतर पुस्तक मिटावं.

यासाठी पुस्तकच कशाला, नुसत्या गप्पा का नकोत? गप्पा हव्यातच. पण रोजच्या बोलण्यात ‘जेव’, ‘चल’, ‘बूट घाल’ एवढ्यावर भागतं. इंग्रजीतल्या एका जुन्या मोजणीत मुलांच्या पुस्तकांत दर हजार शब्दांमागे सुमारे ३१ दुर्मीळ शब्द आढळले, सुशिक्षित प्रौढांच्या बोलण्यात सुमारे १७. मराठीचे आकडे वेगळे असतील, पण ‘घुटमळणं’, ‘डोकावणं’, ‘ओसरी’, ‘कोनाडा’ हे दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये येणार कुठून? गोष्टीतूनच. आणि मूल तेच पुस्तक पुन्हा मागतं तेव्हा वैतागू नये. ब्रिटनमधल्या जेसिका हॉर्स्ट यांनी २०११मध्ये दाखवलं, की वेगवेगळ्या गोष्टींपेक्षा तीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकणाऱ्या तीन वर्षांच्या मुलांना नवे शब्द अधिक येतात.

हे सगळं परदेशातून आलंय असं मात्र नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडला बालशिक्षणाचं काम उभं केलं, ते तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच. मुलं शाळेत येईनात, तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. गाणी, गोष्टी, गप्पा हेच शिकवण्याचं साधन. त्याच परिसरात, आता पालघर जिल्ह्यात गेलेल्या वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याहून ‘क्वेस्ट’ ही संस्था २००७पासून काम करते. तिच्या ‘गोष्टरंग’ उपक्रमात कलाकार आश्रमशाळांत जाऊन मुलांच्या पुस्तकांतल्या गोष्टी रंगवून सादर करतात आणि मग मुलांबरोबर भाषेचे खेळ घेतात. आदिवासी पाड्यावर जे होऊ शकतं, ते ठाण्याच्या नौपाड्यात किंवा डोंबिवलीच्या टिळकनगरात का होऊ नये?

अडचण वेळेची आहे, हे खरं. सकाळची फास्ट लोकल पकडून रात्री आठला घरी परतणाऱ्या आईबाबांकडून रोज तासभराची अपेक्षा करणं क्रूरपणाचं. दहा मिनिटं पुरतात. दिवसभर मूल ज्यांच्याकडे असतं, त्या आजी-आजोबांना आणि पाळणाघराच्या ताईंना या कामात ओढावं. त्यांच्याजवळचे शब्द आईबाबांपेक्षाही जुने आणि जास्त असतात.

दुसरी अडचण भीतीची. मूल इंग्रजी माध्यमात, मग घरी मराठी पुस्तक कशाला? मला ही भीती निराधार वाटते. गोष्टीचा क्रम लावणं, कारण सांगणं, अंदाज बांधणं हे एका भाषेत जमलं की दुसरीत पहिल्यापासून शिकावं लागत नाही. मूल ‘येलो बर्ड’ म्हणालं तर रागावू नये. “हो, पिवळा पक्षी! फांदीवर बसून कुणाकडे बघतोय?” असं म्हणून पुढं जावं.

पुस्तकांची वानवा नाही. माधुरी पुरंदरे यांची ‘यश’ आणि ‘राधाचं घर’ ही ज्योत्स्ना प्रकाशनाची पुस्तकं आपल्याच घरांतली वाटतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी चित्रगोष्टी फुकट मिळतात, मोबाइल मुलाच्या हाती न देता दोघांनी मिळून बघायचा एवढंच.

ग्रंथालयांना एक विनंती. बालविभागात ‘शांतता राखा’ची पाटी असेल तर ती काढा आणि रविवारी अर्धा तास एका आजीला चार मुलांसोबत मोठ्यानं गप्पा मारत पुस्तक वाचू द्या. आणि वाचकहो, यंदा दिवाळी अंकांच्या यादीत एक चित्रांचं पुस्तकही टाका.