मधुमेहावरील चिनी पूरक उपचार

मधुमेहाच्या प्रचलित उपचारांना जोड म्हणून चिनी पारंपरिक वैद्यकातील वनस्पतिज औषधे, सूचिचिकित्सा (ॲक्युपंक्चर) व आहारनियम यांचा अवलंब चीनमध्ये मोठ्या प्रमाणावर केला जातो. प्राचीन चिनी ग्रंथांत या रोगाशी मिळतीजुळती विकृती ‘श्याव-के’ (झिजणे व तहान) या नावाने वर्णिलेली असून गोड व स्निग्ध पदार्थांच्या अतिसेवनाशी तिचा संबंध जोडलेला आहे. वांग ताव याच्या ७५२ मधील संग्रहग्रंथात अशा रुग्णाचे मूत्र गोड असल्याची नोंद आढळते. आयुर्वेदात तर रोगाच्या नावातच ती आहे. तथापि श्याव-के म्हणजे तंतोतंत मधुमेह नव्हे. आज अनेकांचा मधुमेह तहान वा कृशता दिसण्यापूर्वीच रक्ततपासणीत उघड होतो. केवळ लक्षणांवरून केलेल्या निदानात तो निसटतो.

औषधींपैकी ह्वांग-ल्यान (कॉप्टिस) या वनस्पतीच्या कडू, पिवळ्या मूलक्षोडाचा (जमिनीतील खोडाचा) अभ्यास बराच झाला आहे. त्यातील बर्बेरीन हे अल्कलॉइड आपल्याकडील दारुहळदीतही असते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चिनी चाचणीत नव्याने निदान झालेल्या ३६ रुग्णांत तीन महिन्यांनंतर बर्बेरिनाचा रक्तशर्करेवरील परिणाम मेटफॉर्मिनाच्या जवळपास आढळला. रुग्णसंख्या व कालावधी पाहता हा निष्कर्ष आशादायक एवढाच म्हणता येईल. बर्बेरिनाने काहींना पोटाच्या तक्रारी उद्‌भवतात, तसेच इतर औषधांच्या यकृतातील विघटनातही बदल होऊ शकतो.

‘श्याव-के’ याच नावाच्या गोळ्या चीनमध्ये प्रसिद्ध आहेत. त्यांत वनस्पतींच्या जोडीला ग्लिबेनक्लामाइड हे आधुनिक औषध प्रत्येक गोळीत ०·२५ मिग्रॅ. असते, म्हणजे दहा गोळ्यांत २·५ मिग्रॅ. होते. सुमारे ८०० रुग्णांवरील ४८ आठवड्यांच्या चाचणीत (२०१३) या गोळ्यांनी शर्करानियंत्रण निव्वळ ग्लिबेनक्लामाइडाइतकेच साधले व अल्परक्तशर्करेचे प्रसंग कमी आले. परंतु वनस्पतिज समजून त्या घेणारा रुग्ण डॉक्टरांनी दिलेले त्याच वर्गातील औषधही घेत असेल, तर मात्रा नकळत वाढते. येथे घटक निदान जाहीर केलेला असतो. छुपी भेसळ अधिक घातक होय. सिंगापूरमध्ये २००८ साली ग्लिबेनक्लामाइड मिसळलेली बेकायदा कामोत्तेजक व वनौषधी उत्पादने घेतल्याने मधुमेह नसलेल्यांनाही तीव्र अल्परक्तशर्करा झाली. काही रुग्ण दगावले.

ॲरिस्टोलोकिक अम्ल असलेल्या काही चिनी वनस्पतींनी वृक्कांना (मूत्रपिंडांना) कायमची इजा होते. मधुमेह्याची वृक्के आधीच धोक्यात असल्याने ही बाब त्याच्या दृष्टीने विशेष गंभीर ठरते.

पहिल्या प्रकारच्या मधुमेहात अग्निपिंडातील इन्शुलिननिर्मिती जवळजवळ थांबलेली असते. तिची उणीव कोणतीही वनस्पती भरून काढू शकत नाही. इन्शुलिन बंद केल्यास रक्तातील कीटोन-द्रव्ये वाढून काही दिवसांतच मृत्यू ओढवू शकतो. दुसऱ्या प्रकारात पूरक औषध घेणाऱ्याने त्याची माहिती आपल्या डॉक्टरांना देणे व रक्तशर्करा वरचेवर तपासणे आवश्यक असते. घाम, कंप, भूक व गोंधळलेपणा ही अल्परक्तशर्करेची लक्षणे दिसताच शुद्धीवर असलेल्या रुग्णास साखर द्यावी. ग्लिबेनक्लामाइडाचा परिणाम दीर्घकाळ टिकत असल्याने साखरेने बरे वाटले, तरी रक्तशर्करा पुन्हा उतरू शकते. म्हणून अशा रुग्णास रुग्णालयात देखरेखीखाली ठेवतात.